कर्नलच्या पोटातलं बाहेर कसं आलं

मागच्या व्याख्यानात आपण कर्नल म्हणजे काय ते पाहिलं. मेमरी, प्रोसेसर, डिस्क यांचा सगळा कारभार ज्याच्या हाती, तो कर्नल. आणि त्याच्याकडे मागून मागून कामं करून घेणारे ते आपले साधे प्रोग्रॅम. दोघांमध्ये भिंत आहे आणि ती मुद्दाम घातलेली आहे. मग पलीकडे काय चाललंय हे अलीकडच्याला कळायचं कसं?

१९७०च्या दशकात बेल लॅब्जच्या युनिक्समध्ये याचं उत्तर अगदी सरळ होतं. आम्ही तर म्हणू, धाडसी होतं. कर्नलची मेमरीच एक फाइल म्हणून ठेवलेली, तिचं नाव केमेम. चालू कामांची यादी दाखवणारा 'पीएस' हा प्रोग्रॅम काय करायचा? कर्नलच्या मूळ फाइलीतून त्या यादीचा पत्ता शोधायचा आणि मेमरीत नेमक्या त्या जागी जाऊन वाचायचा. म्हणजे खिडकीवर नक्कल मागायची नाही, थेट दप्तरखान्यात शिरायचं.

आता बघा. कर्नलमध्ये कुणी एखादा रकाना वाढवला आणि पीएस पुन्हा तयार करायचा राहून गेला, तर पीएस बंद पडेलच असं नाही. तो निवांतपणे चुकीचं सांगत बसायचा. (आमच्या विषयात अज्ञान वेगळं आणि भ्रम वेगळा. हा भ्रम.) आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी, की दप्तरखान्यात सगळंच असतं. कुणी नुकताच टाइप केलेला पासवर्डसुद्धा. किल्ली पीएसच्या हाती, आणि पीएसमध्ये एक चूक सापडली की संपलं!

१९८४ साली बेल लॅब्जच्याच टॉम किलियन यांनी 'प्रोसेसेस ॲज फाइल्स' हा निबंध मांडला. प्रत्येक चालू कामाची एक फाइल, कामाचा क्रमांक हेच तिचं नाव, आणि या सगळ्या फाइली 'प्रॉक' नावाच्या डिरेक्टरीत. कुणाची फाइल कुणी उघडायची, ते नेहमीच्या फाइलींसारखं परवानगीवर ठरणार. पुढे प्लॅन ९ मध्ये प्रत्येक कामाची स्वतंत्र डिरेक्टरी झाली, आतली बरीचशी माहिती साध्या मजकुरात. लिनक्सनं हीच वाट धरली.

यात एक गंमत आहे बरं का. लिनक्सच्या प्रॉकमधल्या 'अपटाइम' या फाइलीचा आकार विचारा, उत्तर येतं शून्य. तीच वाचायला घ्या, आकडे हजर! डिस्कवर काही नसतंच. वाचणारा आला की कर्नल त्याच क्षणी मजकूर तयार करून देतो. वाचण्याआधी ती फाइल 'आहे' म्हणायची का? यावर आम्ही वर्गात एक अख्खा तास घालवला असता. असो.

तर काय दाखवायचं हे आता कर्नल ठरवू लागला. पण एकदा दाखवलेलं मागे घेता येत नाही. माणसाला वाचता यावा म्हणून लिहिलेला मजकूर प्रोग्रॅम वाचायला लागले, आणि एखादा शब्द हलला तरी कुणाचं तरी काम अडायला लागलं. वापरकर्त्यांचे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, हा तर लिनक्सचा कडक नियम. त्यामुळे २००३च्या २.६ आवृत्तीत 'सिसएफएस' आलं, तेव्हा शक्यतो एका फाइलीत एकच मूल्य, अशी शिस्त घातली गेली.

आणि केमेम? ती लिनक्समधून काढून टाकली २०२१ साली, ५.१३ या आवृत्तीत. पीएस मात्र आहे. तो आता प्रॉक वाचतो.