रणगाडा आणि खेळातली मूठ

रणगाड्याची पुढची चाके मोटारीप्रमाणे वळत नाहीत. त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्टे असतात. दोन्ही पट्टे सारख्या वेगाने फिरले म्हणजे तो सरळ जातो. डावा मंदावला म्हणजे डावीकडे वळतो. आणि एक पुढे व दुसरा मागे फिरला, तर जागच्या जागी गिरकी घेतो. रणगाडा हाकणे म्हणजे दोन वेग एकाच वेळी तोलणे होय. हे काम दूर बसून करावयाचे असल्यास माणसाच्या हातात काय द्यावे, या प्रश्नाचा इतिहास रणांगण आणि खेळघर या दोहोंतून गेलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जर्मन सैन्याने ‘गोलियाथ’ नावाचे एक बुटके वाहन पुढे आणले. त्याला रणगाड्यासारखेच पट्टे असून पोटात साठ ते शंभर किलो स्फोटक भरलेले असे. मागे उलगडत जाणाऱ्या तारेच्या दुसऱ्या टोकाशी, आडोशाला बसलेला सैनिक हातातल्या पेटीवरील दांडीने त्याला चालवीत असे. अशी साडेसात हजारांहून अधिक वाहने तयार झाली. परंतु त्यांचे सारे बळ त्या तारेत होते. १९४४ च्या वॉर्सा येथील उठावात बंडखोर ती तार तोडण्याची संधी शोधीत. तार तुटली की ते भयंकर वाहन जागीच पांगळे होई.

पुढे १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काही तरुणांनी गणकयंत्राच्या पडद्यावर ‘स्पेसवॉर’ हा दोन अवकाशयानांच्या झुंजीचा खेळ रचला. यंत्राच्या दर्शनी भागावरील खटके दाबून खेळताना कोपरे दुखून येत. तेव्हा ॲलन कोटॉक आणि बॉब साँडर्स यांनी निराळ्या छोट्या पेट्या बनविल्या. मौज अशी की, त्यांचे सामान आले ते तेथील प्रतिकृति-रेल्वेच्या मंडळातून! खेळण्यातल्या आगगाडीचे खटके आणि तारा अशा रीतीने पडद्यावरच्या खेळाच्या कामी आल्या.

१९८० साली अटारी कंपनीच्या ‘बॅटलझोन’ या खेळात दोन दांड्या आल्या. एक डाव्या पट्ट्यासाठी, दुसरी उजव्या. तो पाहून अमेरिकन सैन्यालाही आपल्या ब्रॅडली वाहनावरील गोलंदाजांच्या शिक्षणासाठी तसेच यंत्र हवेसे वाटले. खेळाचे रचनाकार एड रॉटबर्ग यांना हे मुळीच रुचले नाही. त्यांनी ते काम नाखुशीनेच पुरे केले. पुढे त्या शिक्षणयंत्रासाठी घडविलेली दुहाती मूठच १९८३ च्या ‘स्टार वॉर्स’ खेळात वापरली गेली.

१९९७ साली सोनी कंपनीच्या ‘ड्युअलशॉक’ने दोन अंगठ्यांखाली दोन लहान दांड्या आणल्या. दोन पट्टे आणि दोन अंगठे यांचा हा मेळ छांदिष्टांच्या दृष्टीतून सुटला नाही. रणगाड्यांच्या प्रतिकृती बनविणाऱ्यांनी या मुठी आपल्या छंदाला जुंपल्या. त्यांतील युक्ती तशी सोपी आहे. दांडी कोठवर ढकलली, हे मूठ शून्य ते २५५ या आकड्यांत सांगते. १२८ म्हणजे मध्य. २००५ साली इटलीत जन्मलेल्या ‘आर्डुइनो’सारखी एखादी पाटी ते आकडे वाचून मोटारींच्या वेगनियंत्रकांना सेकंदाला सुमारे पन्नास विद्युत्‌स्पंद पाठविते. स्पंद एक सहस्रांश सेकंदाचा असला तर पूर्ण मागे, दोनचा असला तर पूर्ण पुढे, दीडचा असला तर स्तब्ध.

खरी कसोटी या ‘स्तब्ध’पणाचीच आहे. अंगठा उचलला तरी जुनी दांडी नेमकी मध्यावर येत नाही. आकडा १३१ वर रेंगाळतो आणि मेजावरची प्रतिकृती आपसूक सरकू लागते. म्हणून जाणता छांदिष्ट मध्याच्या आसपासचे काही आकडे ‘थांबा’ असेच वाचावयास पाटीला शिकवितो. संदेश मध्येच खंडित झाला तरीही रणगाडा थांबलाच पाहिजे, अशी तजवीज तो आधी करतो. वॉर्सातील गोलियाथ थांबावा म्हणून माणसांना प्राण पणाला लावून तार तोडावी लागली. या घरगुती रणगाड्याला थांबविण्यास केवळ अंगठा उचलणे पुरते; आणि ती सोय त्याच्या कर्त्याने, गाडी चालविण्याच्याही आधी, आपल्या हाताने करून ठेवलेली असते.