पोटासाठी

पोटासाठी लिहिलेले टिकत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. मीही म्हणत असे. पण फ्रेडरिक कूलाऊची हकीकत वाचली आणि ते म्हणणे सोडले.

कूलाऊ जन्माने जर्मन, साल १७८६. लहानपणी बर्फावर घसरून पडला आणि उजवा डोळा गमावून बसला. १८१० साली नेपोलियनने हँबुर्ग घशात घातले, तेव्हा सक्तीची लष्करभरती चुकवून तो कोपनहेगनला पळाला. पुढे आईबापही त्याच्याच आसऱ्याला आले. त्या काळी युरोपातल्या हौशी मंडळींना फ्लूटचे, म्हणजे तिकडच्या आडव्या बासरीचे, भारी वेड. तिच्यासाठी लिहिले की पैसे मिळत. गंमत अशी की, कूलाऊला स्वतःला बासरी जेमतेमच येई! तरी त्याने तिच्यासाठी इतके लिहिले की, ‘बासरीचा बीथोवन’ हे नाव त्याला कायमचे चिकटले.

१८२३ च्या सुमाराच्या त्याच्या तीन पंचवाद्य-रचना ऐकाव्यात. बासरी, व्हायोलिन, चेलो. आणि व्हायोला मात्र दोन! त्यांच्या सावळ्या, भरदार स्वरांवर बासरी उजळते, ती अमावास्येच्या पणतीसारखी.

१८३१ च्या फेब्रुवारीत त्याचे बिऱ्हाड आगीत सापडले. घरात ठेवलेली, न छापलेली हस्तलिखिते जळाली. प्रकृती ढासळली, पुढच्याच वर्षी तो वारला. जपून ठेवलेले गेले. पोटासाठी विकलेले छापून केव्हाच परगावी पोचले होते, म्हणून वाचले.

मुलांच्या वह्या तपासून झाल्यावर रात्री मी लिहायला बसतो. ‘पोटासाठी’ या शब्दाची आता मला लाज वाटत नाही.