अंड्यातल्या पहिल्या घासाचा मागोवा

खानदेशात घरची कोंबडी खुडूक झाली की तिला टोपलीत अंड्यांवर बसवायचे आणि समोर दाणापाणी ठेवायचे, हे काम घरातल्या बाईचे. तो दाणा कोंबडीसाठी. पिल्लांची शिदोरी तिने अंडी घालतानाच बलकात भरून ठेवलेली असे. पिल्लाला जन्माआधी खाऊ घालण्याची ही सर्वांत जुनी रीत, आणि माझ्या मते आजही पहिला मान तिचाच.

बाहेर येण्याच्या सुमारास पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस तग धरते. या शिल्लकीवरच एक दिवसाच्या पिल्लांचा व्यापार उभा राहिला. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९१८ पासून अशी पिल्ले पार्सलने नेली. आपल्याकडे १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि पुढे खोक्यांतली पिल्ले गावोगावच्या शेडवर उतरू लागली. खानदेशातल्या नवापुरातही; हे गाव १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. तिथल्या कुक्कुटपालनाची देशाला ओळख झाली ती मात्र फेब्रुवारी २००६ च्या बर्ड फ्लूमुळे, याचे वाईट वाटते.

पण तग धरणे वेगळे आणि वाढणे वेगळे. हॅचरीत आधी फुटलेले पिल्लू शेवटच्या पिल्लासाठी दिवसभर थांबते. मग निवड, लस, गाडी. तोवर चोचीत काही नाही, आणि आतडे तर खाद्य पोटात गेल्यावरच झपाट्याने वाढते. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत विकला जातो. कवचातले २१ दिवस धरले तर त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा अंड्यातच सरतो. पहिल्या आठवड्यात मागे पडलेल्या लॉटचा फटका करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याला वजनात बसतो.

अंड्यात सुई शिरली ती मात्र रोगापायी. अठराव्या दिवशी अंड्यातच कोंबड्यांच्या मरेक रोगाची लस दिली तर ती लागू पडते, हे शर्मा आणि बर्मेस्टर यांनी १९८२ मध्ये दाखवले. दहा वर्षांत त्याची यंत्रे आली. सुई जातेच आहे, तर तिच्यातून अन्न का जाऊ नये? इस्रायलच्या झेहावा उनी आणि अमेरिकेचे पीटर फर्केट यांनी हा विचार तडीस नेला. त्यांना २००३ मध्ये पेटंट मिळाले. गर्भ शेवटच्या दिवसांत भोवतालचे गर्भजल गिळतो. त्यात अर्धा-एक मिलिलिटर पोषक द्रावण सोडले की तो ते पिऊन टाकतो. कवच फोडण्याचे कष्ट यकृतातल्या आणि स्नायूंतल्या साखरेच्या साठ्यावर चालतात. तो संपला की पिल्लू स्वतःचेच मांस जाळते. द्रावणातली शर्करा हा साठा राखते आणि आतडे आधीच कामाला लागते. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेतल्या भांजा आणि मंडल यांनी अमिनो आम्ले टोचून केलेले प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

सगळीकडे सारखे यश आले नाही. द्रावण जास्त घट्ट झाले किंवा सुई चुकीच्या जागी गेली, तर अंडी फुटण्याचे प्रमाणच घटते. यंत्रही मोठ्या हॅचरीलाच परवडते. म्हणून जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याने हॅचरीला आधी दोन प्रश्न विचारावेत: अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना खाद्य काय देता, आणि पिल्लू फुटल्यापासून माझ्या शेडवर किती तासांत पोहोचते? मे महिन्यात तर दुसरा प्रश्न आधी विचारावा.