वजनाचा जमाखर्च

भिलाई समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. तथापि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत' या विमानवाहू युद्धनौकेला जे सुमारे ३०,००० टन खास पोलाद लागले, त्यात बोकारो व राउरकेला यांच्याबरोबर भिलाईच्या कारखान्याचाही वाटा होता. एक चौरस मीटर पोलादी पत्रा एका मिलिमीटरने जाड झाला, की त्याचे वजन जवळजवळ ८ किलोंनी वाढते. जहाज बांधणाऱ्यास हा हिशेब क्षणभरही विसरून चालत नाही.

याचे कारण असे, की जहाज बांधवून घेणाऱ्याच्या मागण्या कधी संपत नाहीत. त्याला वेग हवा असतो, तोफा हव्या असतात, उंच शिडे हवी असतात. प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे रास्त दिसते. परंतु समुद्र त्यांची बेरीज मोजतो. भार वाढला की जहाज अधिक बुडते व त्याचा वेग मंदावतो. तोच भार उंचावर असला, तर तोलही जातो. शर्यतीच्या चिमुकल्या नौकेपासून युद्धनौकेपर्यंत हा नियम एकच आहे.

स्वीडनचा राजा गुस्ताव आडॉल्फ याने आपल्या 'वासा' जहाजावर जड तोफांचे दोन मजले चढवविले. तोल पाहण्यासाठी ३० माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे धावविण्यात आले, तेव्हा जहाज इतके डोलू लागले, की परीक्षाच थांबवावी लागली. पण राजाला घाई होती, आणि त्याला नकार देण्यास कोणी धजले नाही. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच प्रवासात, स्टॉकहोमच्या बंदरातच, 'वासा' बुडाले. पुढे चौकशी झाली. दोष मात्र कोणाच्याच माथी बसला नाही.

इंग्लंडच्या 'कॅप्टन' या युद्धनौकेच्या बाबतीत राजाच्या जागी लोकमत होते. फिरत्या तोफबुरुजाचा पुरस्कर्ता काउपर कोल्स याला बुटक्या काठांचे, तरीही पूर्ण शिडांचे जहाज हवे होते. नौदलाचे प्रमुख रचनाकार एडवर्ड रीड यांनी हरकत घेतली. परंतु वृत्तपत्रे व पार्लमेंट यांच्या रेट्यापुढे ती टिकली नाही. बांधणीत वजन ७३५ टनांनी वाढले आणि नियोजित ८ फुटांऐवजी जेमतेम साडेसहा फूट काठ पाण्यावर राहिला. ७ सप्टेंबर १८७० च्या पहाटेपूर्वीच्या वादळात, स्पेनच्या किनाऱ्याजवळ, जहाज उलटले. सुमारे पावणेपाचशे माणसे गेली; त्यांत स्वतः कोल्सही होता.

'विक्रांत'चेही वजन वाढलेच. आरंभीच्या आराखड्यांत सुमारे ३७,५०० टनांचे असलेले हे जहाज दाखल होताना सुमारे ४३,००० टनांचे झाले होते. परंतु वाढती गरज आराखड्यात मांडून त्याप्रमाणे जहाजाचे अंग वाढविणे निराळे, आणि ठरलेल्या अंगावर ओझे लादणे निराळे. रीड यांची हरकत कागदावर होती. उणीव होती ती तिला मान देणाऱ्या धन्याची.