यंत्रातले सूर आणि त्यांचे अनामिक धनी

संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांची लेखणी दरबार, देवळे आणि रंगभूमी यांच्यापाशी थांबते. ज्या सुरांवर जगभरातली मुले वाढली, ते व्हिडिओ गेममधील संगीत अजून ओसरीवरच उभे आहे. त्याला हात धरून घरात आणले ते पंडितांनी नव्हे, चाहत्यांनी. श्रोतेहो, त्यांच्या या उद्योगाची हकीगत आम्हांला येथे सांगावयाची आहे.

आरंभ गरिबीचा. जपानच्या तैतो कंपनीच्या १९७८ सालच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळात उतरत्या चार स्वरांचा एकच ठेका होता. शत्रू जवळ येई तसतशी त्याची लय वाढे. निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम यंत्रात आवाजाला पाचच वाटा होत्या, आणि त्यांतलीही एक निव्वळ खरखरीची. एवढ्या भांडवलावर कोजी कोंदो यांनी १९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स'चे संगीत उभे केले. साधने तोकडी म्हणून चाल ठसठशीत करावी लागली, आणि चाल ठसठशीत होती म्हणूनच पुढे ती कोणत्याही वाद्यावर शोभली.

आता आमच्या आस्थेचा मुद्दा. कापडाच्या ताग्यावर गिरणीचा शिक्का असतो, विणणाऱ्याचे नाव नसते. या नव्या कारखान्यातही तीच रीत पडली. आपली माणसे प्रतिस्पर्ध्याने फोडू नयेत या धास्तीने अनेक जपानी कंपन्या कारागिरांची नावे गाळीत, नाहीतर टोपणनावे छापीत. १९९१ सालच्या 'स्ट्रीट फायटर टू'चे बहुतेक संगीत योको शिमोमुरा यांचे. पण खेळाच्या नामावलीत त्या टोपणनावानेच उभ्या आहेत.

ही नावे चाहत्यांनी परत उजेडात आणली. १९९९ साली अमेरिकेत डेव्हिड लॉइड यांनी 'ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स' सुरू केले. एखादी जुनी चाल घ्यावी, ती गिटारवर, पियानोवर, वाद्यवृंदावर नव्याने मांडावी आणि परीक्षकांपुढे ठेवावी, असा तेथला शिरस्ता. नुसती नक्कल चालत नाही. करणाऱ्याची स्वतःची भर दिसावी लागते. पसंत पडलेली रचना सर्वांना फुकट मिळते आणि तिच्यासोबत मूळ संगीतकाराचे नाव दिलेले असते. २००८ साली कॅपकॉम कंपनीने 'सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो'ची नवी आवृत्ती काढली, तेव्हा तिचे संगीत याच मंडळींकडून घेतले. २०२२ साली तर 'कर्बी' खेळातील एका चालीच्या नव्या मांडणीला, 'एट-बिट बिग बँड' या वाद्यवृंदाला, ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

यावर कोणी विचारील, ही मालकाच्या मालावर धाड नव्हे काय? त्याने 'टेट्रिस'कडे पाहावे. १९८९ साली गेम बॉय यंत्रावर गाजलेली त्याची चाल 'कोरोबेइनिकी' या रशियन गीताची. शब्द नेक्रासोव्ह या कवीच्या १८६१ सालच्या काव्यातले. फेरीवाल्यांचे ते गाणे लोकांच्या तोंडून यंत्रात गेले आणि १९९२ साली तेथून पुन्हा ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चढले. आमच्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांनीही प्रचलित चाली घेतल्याच होत्या. चाली अशाच वाहतात. मात्र ज्याच्या पोटाचा तो धंदा आहे, त्याचा मोबदला बुडता कामा नये. तेथे कायदा हवाच. पण कायद्याने संगीतकाराचे पोट भरते की केवळ कंपनीची तिजोरी, हे आम्ही विचारणारच.

अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने २०२३ साली मारिओची चाल जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान प्रथमच मिळाला. पुढच्याच वर्षी निन्टेन्डोने आपले संगीत ऐकविणारे स्वतंत्र ॲप काढले, आणि आरंभी त्यात संगीतकारांची नावेच नव्हती! ज्यांना एक पैसा मिळत नाही ते चाहते वर्षानुवर्षे नाव लिहीत आले, आणि जिच्या पदरी नफा पडतो ती कंपनी ते विसरली. चाल कोणीही उचलावी, वाढवावी, नटवावी. ती ज्याने प्रथम बांधली त्याचे नाव मात्र कोणी पुसू नये.