अलास्काच्या वाटा कोणीं बांधल्या?

उत्तर अमेरिकेच्या वायव्य कोंपऱ्यांत अलास्का आणि त्याला लागून असलेला कॅनडाचा यूकॉन असे दोन विस्तीर्ण प्रदेश आहेत. एकट्या अलास्काचें क्षेत्रफळ ६,६०,००० चौरस मैलांहून अधिक आहे. हिमनद्या, दलदली, सूचिपर्णी वृक्षांचीं अरण्यें, अस्वलें, लांडगे आणि कॅरिबू नांवाच्या हरणांचे कळप यांचें तें माहेरघर. १९४७ सालच्या फेब्रुवारीच्या ३ तारखेस यूकॉनमधील स्नॅग या ठिकाणीं तपमान उणे ६३ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरलें होतें. अशा मुलखांतून हल्लीं उन्हाळ्यांत सहलीचे प्रवासी सुखानें हिंडतात. स्कॅग्वे बंदरांत आगबोटींतून उतरावें, आगगाडीनें व्हाइट पास ही खिंड चढावी, पुढें मोटारीनें व्हाइटहॉर्सवरून क्लुएन सरोवराच्या कांठानें फेअरबँक्स गांठावें, आणि तेथून पुन्हां आगगाडींत बसून डेनाली पर्वताच्या पायथ्याजवळून अँकरेज व सूअर्ड बंदराकडे उतरावें, असा हा क्रम आहे.

या प्रवासांत एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. या मुलखांतील ज्या मोठ्या वाटांनीं प्रवासी जातो, त्या त्याच्यासाठीं बांधलेल्याच नव्हत्या. एक सोन्यासाठीं झाली, दुसरी तांब्यासाठीं, तिसरी कोळशासाठीं व वसाहतीसाठीं, आणि चौथी युद्धासाठीं. ज्यांच्या कष्टांनीं त्या झाल्या आणि ज्यांच्या भूमीवरून त्या गेल्या, त्यांचीं नांवें मात्र नकाशावर क्वचितच आढळतात.

या वाटांपूर्वींही तेथें वाटा होत्या. किनाऱ्यावरील ट्लिंगिट लोक माशांचें तेल घेऊन चिल्कूटसारख्या खिंडी ओलांडीत आणि अंतर्भागांतील लोकांकडून केसाळ कातडीं घेऊन परत येत. हा व्यापार गोऱ्या लोकांच्या आगमनापूर्वींपासून चालत आलेला होता. १८६७ सालीं रशियानें अलास्का ७२ लाख डॉलरांस अमेरिकेला विकला, तेव्हां या लोकांना कोणीं विचारलें नाहीं. व्यवहार दोन सरकारांचा झाला. भूमि मात्र तिसऱ्याचीच होती.

१८९६ सालच्या ऑगस्टच्या १६ तारखेस यूकॉनमध्यें क्लाँडाइक नदीस मिळणाऱ्या एका ओढ्यांत सोनें सांपडलें. सोन्याचा पहिला हक्क जॉर्ज कारमॅक या गोऱ्या मनुष्याच्या नांवें नोंदला गेला. त्याच्याबरोबर स्कूकम जिम आणि डॉसन चार्ली हे त्याच्या सासुरवाडीचे टागिश जमातीचे आप्त होते. सोनें प्रथम जिमच्या दृष्टीस पडलें, असेंच त्याच्या नातलगांचें सांगणें होतें. पुढील वर्षाच्या जुलैंत सोनें घेऊन दोन आगबोटी सॅन फ्रान्सिस्को व सिएटल या बंदरांस लागल्या आणि सुमारें एक लाख माणसें घरेंदारें सोडून उत्तरेस निघालीं. त्यांपैकीं निम्मीं देखील क्लाँडाइकपर्यंत पोंचलीं नाहींत.

कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनीं नियम घातला होता, कीं वर्षभराचा शिधा बरोबर असल्यावांचून कोणासही सरहद्द ओलांडूं द्यावयाची नाहीं. हा शिधा आणि इतर सामान मिळून माणशीं सुमारें एक टन ओझें होई. चिल्कूट खिंडीच्या बर्फाळ चढणीवर तें पाठीवरून कित्येक खेपांनीं चढवावें लागे. १८९८ सालच्या एप्रिलच्या ३ तारखेस त्या वाटेवर हिमकडा कोसळून साठांहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. शेजारच्या व्हाइट पासवर ओझ्याचीं जनावरें चालत. तेथें एका हंगामांत सुमारें ३,००० घोडे मेले आणि त्या वाटेस मेलेल्या घोड्यांची वाट असेंच नांव पडलें.

याच खिंडींतून रेल्वे नेण्याचें काम १८९८ च्या मे महिन्यांत सुरू झालें. पैसा लंडनच्या सावकारांचा, बांधकामाचा ठेका मायकेल हेनी याचा. रुळांतील अंतर अवघें ३ फूट ठेविलें, कारण रुंद मार्गासाठीं कातळ अधिक फोडावा लागला असता. समुद्रकांठापासून वीस मैलांत जवळजवळ २,९०० फूट चढण होती. मजुरांना दोरांनीं कड्यांवर टांगून सुरुंग लावावे लागत. बांधकामांत ३५ माणसें दगावलीं. १९०० सालच्या जुलैच्या २९ तारखेस दोन्ही बाजूंचे रूळ कारक्रॉस येथें मिळाले आणि स्कॅग्वे ते व्हाइटहॉर्स हा ११० मैलांचा मार्ग पुरा झाला. पण तोंवर सोन्याची झुंबड ओसरूं लागली होती. नवीन सोनें पश्चिमेस नोम येथें सांपडल्याची बातमी येतांच १८९९ सालींच हजारों माणसें डॉसन शहर सोडून तिकडे धांवलीं होतीं.

या धांवपळींत ज्यांचें घर गेलें त्यांची गोष्ट निराळी आहे. क्लाँडाइक नदीच्या मुखाशीं ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचा मासेमारीचा तळ होता. तो सोनेवाल्यांनीं व्यापला. त्यांचा नायक आयझॅक आपल्या माणसांना घेऊन तीन मैल खालीं मूसहाइड या जागीं गेला. आपलीं गाणीं व नृत्यें या गर्दींत टिकणार नाहींत हें ओळखून त्यानें तीं अलास्कांतील आपल्या आप्तांच्या स्वाधीन केलीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस तीं गाणीं त्याच्या वंशजांना परत मिळालीं. सोनें उपसून नेलें गेलें. ठेव म्हणून दिलेलीं गाणीं मात्र परत आलीं.

दुसरी वाट तांब्याची. अलास्काच्या दक्षिण भागांत केनेकॉट येथें तांब्याची अत्यंत कसदार खाण निघाली. तेथून कॉर्डोव्हा बंदरापर्यंत १९६ मैलांची रेल्वे १९११ च्या मार्चमध्यें पुरी झाली. तिच्यावरील एक पूल दोन हिमनद्यांच्या मधून नेलेला आहे. याच सुमारास उत्तरेंत मोटारीचा प्रवेश झाला. रॉबर्ट शेल्डन या तरुणानें स्कॅग्वे येथें १९०५ सालीं स्वतःच्या हातांनीं अलास्कांतील पहिली मोटार तयार केली. नवल हें, कीं त्यानें तोंपर्यंत मोटार प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. चित्रांवरून त्यानें ती बनविली होती. १९१३ सालीं त्यानेंच फोर्ड मोटार फेअरबँक्सहून वॅल्डेझ बंदरापर्यंत कच्च्या वाटेनें नेली. ही वाट घोड्यांच्या गाड्यांसाठीं होती. पुढें तीच रिचर्डसन हमरस्ता झाली.

तिसरी वाट सरकारनें स्वतः बांधली. १९१४ च्या कायद्यानें सूअर्ड ते फेअरबँक्स अशी ४७० मैलांची रेल्वे अमेरिकन सरकारनें हातीं घेतली. अंतर्भागांतील कोळसा बाहेर यावा आणि शेतकरी आंत जावे, हा हेतु. १९१५ सालीं मजुरांच्या तंबूंची जी छावणी पडली, तीच आजचें अँकरेज शहर. १९२३ सालच्या जुलैच्या १५ तारखेस अध्यक्ष हार्डिंग यांनीं नेनाना येथें सोन्याचा खिळा ठोकून काम पुरें झाल्याचें जाहीर केलें. अधिकारावर असतांना अलास्कास भेट देणारे ते पहिलेच अध्यक्ष. परतीच्या वाटेवर ऑगस्टच्या २ तारखेस सॅन फ्रान्सिस्को येथें त्यांचा अंत झाला.

याप्रमाणें १९२० नंतरच्या दशकांत सहलीची सांखळी प्रथम जुळली. प्रवाशानें आगबोटीनें कॉर्डोव्हास यावें, तांब्याच्या रेल्वेनें चिटिनास जावें, तेथून मोटारीनें रिचर्डसन रस्त्यानें फेअरबँक्स गांठावें आणि सरकारी रेल्वेनें सूअर्डला उतरून पुन्हां आगबोट पकडावी. सोनें, तांबें व कोळसा यांच्या वाटा एकमेकींस जोडून सौंदर्याची वाट तयार झाली. परंतु तिचा आयुर्दाय तिच्या धन्याच्या हातीं होता. तांबें संपत आलें आणि १९३८ च्या नोव्हेंबरांत केनेकॉटची शेवटची गाडी सुटली. खाणीचें गांव ओस पडलें. पुढें त्याच मार्गाच्या भरावावर चिटिनापासून ६० मैलांचा मोटारीचा रस्ता झाला. जुने रेल्वेचे खिळे त्या मातींतून वर येत आणि मोटारींच्या धांवा फोडीत.

चौथी वाट युद्धाची. १९४१ च्या डिसेंबरांत जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला. पुढील जूनमध्यें अलास्काचीं किस्का व आटू हीं दोन बेटें जपान्यांच्या हातीं गेलीं. त्यापूर्वींच, मार्चमध्यें, कॅनडांतील डॉसन क्रीक या रेल्वेच्या अखेरच्या स्थानकापासून अलास्कांतील डेल्टा जंक्शनपर्यंत सुमारें १,५०० मैलांचा रस्ता बांधण्यास अमेरिकन सैन्यानें आरंभ केला होता. दहा हजारांहून अधिक सैनिक कामावर होते. व्हाइट पासची रेल्वेही ऑक्टोबरांत लष्करानें भाड्यानें घेतली. भूमीखालीं कायमचें गोठलेलें थर आहेत, हें बांधणाऱ्यांना प्रथम नीट उमगलें नाहीं. यंत्रांनीं वरचें शेवाळ खरवडतांच खालचें बर्फ वितळे आणि रस्ता चिखलांत रुते. मग ओंडके आडवे अंथरून त्यांवर भराव घालावा लागे.

कामावरील सात पलटणींपैकीं तीन कृष्णवर्णी सैनिकांच्या होत्या. त्या काळीं अमेरिकेच्या सैन्यांत गोरे व काळे यांच्या पलटणी वेगळ्या असत. सेनापतींना हे सैनिक वस्तीजवळ नको होते, म्हणून त्यांस रानांतच ठेवण्यांत आलें. ९५ व्या पलटणीचीं मोठीं यंत्रें गोऱ्या पलटणीस दिलीं गेलीं आणि तिच्या हातीं फावडीं-कुऱ्हाडी राहिल्या. याच पलटणीनें सिकानी चीफ नदीवर चार दिवसांच्या आंत लांकडी पूल उभारून दाखविला. १९४२ च्या ऑक्टोबरच्या २५ तारखेस बीव्हर क्रीकजवळ दोन टोकांकडून येणारीं यंत्रें समोरासमोर आलीं; एकावर काळा सैनिक होता, दुसऱ्यावर गोरा. अमेरिकन सैन्यांतील ही पंक्तिभेदाची रीत मोडण्याचा हुकूम १९४८ सालीं निघाला. त्याच वर्षीं हा रस्ता सर्वसामान्य वाहनांस खुला झाला. डेल्टा जंक्शनजवळील गर्स्टल नदीच्या पुलास या सैनिकांच्या स्मरणार्थ नांव मिळण्यास मात्र १९९३ साल उजाडावें लागलें.

रस्त्याबरोबर रोगही आले. टेस्लिन या लहानशा वस्तींत १९४२-४३ च्या हिवाळ्यांत गोवर, कावीळ, मेंदुज्वर अशा सांथी एकामागून एक आल्या. क्लुएन सरोवराभोंवतींची शिकार बाहेरून आलेल्या लोकांच्या बंदुकांनीं घटली, तेव्हां १९४३ सालीं तें रान अभयारण्य म्हणून राखण्यांत आलें. बंदी सर्वांना सारखी लागली. परंतु जे तेथें पिढ्यानपिढ्या शिकारीवर जगत होते, त्या टचोनी लोकांचा घासच तिनें काढून घेतला. १९९३ व २००३ सालच्या करारांनीं त्यांचे हक्क मान्य झाले आणि तेथील उद्यानाच्या कारभारांत त्यांना वाटा मिळाला. मधल्या अर्धशतकांत एक पिढी आपल्याच डोंगराकडे दुरून पाहत म्हातारी झाली.

आतां प्रवाशाची बाजूही सांगितली पाहिजे. धातूंचे भाव कोसळल्यामुळें १९८२ सालीं व्हाइट पासची रेल्वे बंद पडली. १९८८ सालीं ती पुन्हां सुरू झाली ती खनिजासाठीं नव्हे, तर केवळ देखावा पाहणाऱ्या प्रवाशांसाठीं. जी सोन्यानें टाकली, तिला सहलीनें जगविलें. परंतु प्रवासीही निरुपद्रवी नसतो. डेनालीच्या उद्यानास १९५७ पर्यंत बाहेरून रस्ता नव्हता. मोटारीसुद्धां आगगाडीवर लादून नेत. अँकरेजहून नवा हमरस्ता १९७१ सालीं पुरा झाला आणि मोटारींचा लोंढा येणार हें दिसतांच, १९७२ पासून उद्यानाच्या ९२ मैलांच्या रस्त्यावर पहिल्या १५ मैलांपलीकडे खासगी मोटारींस सर्वसाधारणपणें मनाई झाली. पुढें सर्वांनीं एका बसमध्यें बसून जावयाचें. हा निर्णय शहाणपणाचा होता, कारण मनुष्यानें येथें प्रथमच आपल्या वाटेवर स्वतः मर्यादा घातली. तरीही निसर्गाचा शब्द अखेरचा असतो. गोठलेली भूमि वितळून डोंगराची एक बाजू सरकूं लागली आणि १९२१ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२१ सालच्या ऑगस्टमध्यें तोच रस्ता मध्यावर बंद करावा लागला. शेवाळ खरवडतांच खालचें बर्फ वितळतें, हा १९४२ सालचा धडा आतां हवेच्या वाढत्या उष्णतेनें साऱ्या उत्तरेस दिला आहे.

रूळ आणि रस्ते मुके असतात. खिडकींतून दिसणारा कडा कोणीं फोडला, पुलाचे ओंडके कोणीं वाहिले, त्या सरोवरावरून कोणाला उठविलें, हें ते सांगत नाहींत. तें इतिहासानें सांगावयाचें असतें. ती हकीकत जाणून जो त्या वाटेनें जाईल, त्याला देखावा कमी सुंदर दिसेल असें नाहीं. परंतु आपण दुसऱ्याच्या अंगणांतून, दुसऱ्याच्या घामानें झालेल्या वाटेनें जात आहों, एवढें भान त्याला राहील. आणि तसें भान ठेवून चालणें हेंच पाहुण्याचें पहिलें कर्तव्य आहे.