शिकाऊ उमेदवारीचा कायदा आणि स्वावलंबनाचा प्रश्न



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणाने मला जिन्यातच गाठलं. म्हणाला, "सर, सरकारी योजनेत शिकाऊ म्हणून काम केलं. सर्टिफिकेट हातात आहे, नोकरी नाही. मग सरकारने मला शिकवलं कशाला?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज प्रयत्न करतो.

सुरुवात शब्दापासून करू. तत्त्वज्ञानाच्या मास्तराची ती खोडच असते. अप्रेंटिसला आपल्याकडे 'शिकाऊ उमेदवार' म्हणतात. उमेद हा फारसी शब्द, अर्थ आशा. उमेदवार म्हणजे आशेवर असलेला माणूस. जुन्या कचेऱ्यांत पोरं बिनपगारी कारकुनी करायची, कधीतरी जागा रिकामी होईल म्हणून. त्याला 'उमेदवारी करणं' म्हणत. काम आज, नोकरी कदाचित उद्या. पुढे कायद्यात जे आलं, ते या शब्दात आधीपासूनच होतं.

आता इतिहास बघू. १८५० साली कंपनी सरकारने शिकाऊंसाठी एक कायदा केला. त्याचा रोख अनाथ आणि गरीब मुलांवर होता : धर्मादायावर वाढलेल्या मुलाला एखादा धंदा शिकवावा, म्हणजे मोठेपणी तो आपलं पोट भरेल. दृष्टी दयेची होती, पण लक्षात घ्या, प्रश्न त्या मुलाच्या पोटाचा होता.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न बदलला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये एक संचालनालय निघालं होतं. त्याच यंत्रणेतून १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, म्हणजे आपल्या आजच्या आयटीआय. १९५६ मध्ये त्यांचा कारभार राज्यांकडे आला. तिकडे भिलाई, राउरकेला, दुर्गापूरचे पोलाद कारखाने उभे राहत होते. फिटर, टर्नर, वेल्डर हवे होते आणि ते वर्गात तयार होत नाहीत. घर बांधूनच माणूस गवंडी होतो, हे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवलेलंच आहे. म्हणून १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा झाला आणि १ मार्च १९६२ पासून लागू झाला. ठरलेल्या आस्थापनांनी शिकाऊ घ्यायचे, त्यांना विद्यावेतन द्यायचं, शेवटी परीक्षा.

माझा मुख्य मुद्दा इथे आहे. हा कायदा "कारखान्याला कारागीर कुठून मिळणार?" या प्रश्नाचं उत्तर होता. "तरुणाला काम कुठून मिळणार?" हा प्रश्न आपण त्याला नंतर विचारायला लागलो. साठीच्या दशकाअखेर शिकलेले इंजिनिअरच बेकार फिरू लागले. १९७३ मध्ये दुरुस्ती करून पदवीधर आणि पदविकाधारक या कायद्याखाली आणले. उत्तर तेच राहिलं, प्रश्न मात्र बदलला.

आणि ते उत्तर किती अपुरं होतं, हे दोन कलमांत दिसतं. कलम १८ म्हणतं, शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. कलम २२ म्हणत होतं, शिकवून झाल्यावर त्याला नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. करारातच तशी अट असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे यंत्रापुढे तो कामगारासारखा उभा, कायद्यापुढे विद्यार्थी. स्वस्तात हात मिळतात म्हटल्यावर मोह कुणाला होणार नाही?

हे भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाविरुद्धच्या त्या खटल्यात शिकून तयार झालेल्यांची संघटना होती, आणि तिच्या नावातच 'बेरोजगार संघ' हे शब्द होते! १९९५ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने नोकरीचा हक्क दिला नाही; पण म्हटलं की बाकी सगळं समान असेल तर बाहेरच्या माणसापेक्षा शिकलेल्या शिकाऊला प्राधान्य द्या, त्याचं नाव रोजगार विनिमय केंद्राकडूनच आलं पाहिजे असा आग्रह धरू नका. २०१४ च्या दुरुस्तीने कलम २२ बदललं : आता शिकाऊंच्या भरतीबाबत मालकाने स्वतःचं धोरण ठरवायचं. पुन्हा उमेदच!

२०२४ मध्ये महाराष्ट्राने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीला १० हजार रुपये महिना. मुदत सहा महिने, नंतर पाच महिने वाढवली. आणि पुढे काय झालं? "आम्हाला कायम करा" म्हणत प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले.

मग हे सगळं फुकट गेलं का? तसं मी म्हणणार नाही. माझ्या नात्यातली दोन मुलं सांगतो. दोघंही एकाच सुमारास शिकाऊ होते. एक मोटार मेकॅनिक झाला. ठेवून घेतलं नाही, म्हणून चार वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात राबला, मग स्वतःचं काढलं. दुसरा एका कारखान्यात एकाच मशीनवर बसला. ते मशीन बाहेर कुठेच नव्हतं. तो पुढे वॉचमन झाला. सर्टिफिकेट दोघांकडेही होतं. म्हणून मी विचारतो : गेटबाहेर पडताना हातात काय उरलं? जे हातात उरतं त्यालाच कौशल्य म्हणायचं. ऑफिसात फायली उचलून सहा महिन्यांनी काय उरणार?

आणखी एक. पहिल्याच्या गॅरेजसाठी त्याच्या आईने पाटल्या मोडल्या होत्या. आम्ही सगळे म्हणायचो, पोरगा स्वावलंबी झाला हो! झाला, पण पाटल्यांच्या आधाराने. ज्या आईकडे पाटल्याच नाहीत, तिच्या मुलाने काय करायचं? प्रशिक्षण सरकारने द्यायचं आणि अवजारं, जागा, भांडवल ज्याचं त्याने बघायचं, याला स्वावलंबन म्हणणं म्हणजे माणसाला अर्ध्या वाटेवर सोडणं.

तर त्या तरुणाला माझं उत्तर असं : बाबा, कायदा तुझ्यासाठी नव्हता, कारखान्यासाठी होता. प्रशिक्षण नोकरी निर्माण करत नाही. नोकऱ्या असतील तर माणसाला तिथवर पोचवतं. तुझी चूक नाही, आणि शिकलेलंही वाया नाही. पण पुढची योजना येईल तेव्हा विद्यावेतन किती, एवढंच विचारू नकोस. शिकवणार काय, ते बाहेर चालेल का, आणि संपल्यावर जबाबदारी कुणाची, हे तिन्ही आधी विचार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आपण सगळ्यांनी मिळून मागायला हवं.

इथे थांबतो.